'सूत्रांनी सांगितले' म्हणजे नेमकं कोणी?

परवा बाजारात एक पोरगा भेटला. पत्रकारितेचा डिप्लोमा करतोय. म्हणाला, "सर, 'स्कूप' बघितली. मला मुंबईत क्राइम बीटच करायचंय." चहा पाजला. त्याला जे बोललो तेच इथं लिहितोय, कारण ते फक्त त्याच्यापुरतं नाही.

मीही तोच डिप्लोमा घेऊन मुंबईला गेलो होतो. एका दैनिकासाठी काही वर्षं क्राइम केलं. सकाळी उठल्या उठल्या पोलिस ठाण्यांना फोन, दुपारी क्रॉफर्ड मार्केटला आयुक्तालय, मग किल्ला कोर्ट, कधी जे.जे.चं शवागार, रात्री शेवटची लोकल. पगार विचारू नका. बातमी सुटली की दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये हजेरी. आणि बातमी देणार कोण? पोलिसच! ज्या खात्यावर नजर ठेवायची, त्याच्याच मर्जीवर पोट. विरोधात चार ओळी छापल्या की फोन उचलणं बंद. या कामाचं खरं दुखणं हे आहे.

गोळीची भीती आहेच. ११ जून २०११ ला 'मिड-डे'चे जे. डे यांना पवईत भर दुपारी गोळ्या घातल्या. आम्ही सगळे रस्त्यावर उतरलो. उतरायलाच हवं होतं.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'एशियन एज'च्या जिग्ना व्होरा यांना त्याच खुनात मकोकाखाली अटक झाली. डे यांची माहिती छोटा राजनला पुरवली, हा आरोप. तेव्हा आम्ही काय केलं? सूत्रांच्या हवाल्यानं रोज नवी कहाणी! मीही लिहिली. एका अधिकाऱ्यानं फोनवर सांगितलं, मी जसंच्या तसं उतरवलं. त्यांच्या वकिलाला एक फोन केला नाही. डेस्कनंही विचारलं नाही.

सुमारे नऊ महिने त्या तुरुंगात होत्या. २ मे २०१८ ला कोर्टानं राजनला जन्मठेप दिली आणि व्होरांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानंही ते कायम केलं. मी तोवर गावी परतलो होतो. निकाल वाचला आणि पेटीतलं माझं जुनं कात्रण काढलं. त्यात 'कथित' हा शब्द एकदाही नव्हता.

कोणी म्हणेल, पोलिसांनी सांगितलं ते छापलं, आमचा काय दोष? मग बातमीदार कशाला ठेवता? पोस्टमन पुरे की!

आणि मंडळी, हे मुंबईपुरतं समजू नका. आपल्याकडेही प्रेसनोट ग्रुपवर पडते आणि अर्ध्या तासात संशयिताचं नाव, फोटो, गाव, सगळं फिरतं. मथळ्यात तो थेट 'आरोपी' नाही, 'नराधम'च असतो. पुढं तो सुटला तर ती बातमी कोण टाकतं? त्याच्या घरच्यांनी त्याच गावात राहायचं असतं.

पत्रकारांवर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध राज्यानं २०१७ मध्ये कायदा केला, चांगलंच झालं. पण आमच्या लेखणीनं ज्याची अब्रू जाते, त्याच्यासाठी आम्ही काय केलं?

पोराला सांगितलं, जा मुंबईला, जरूर जा. फक्त दुसऱ्या बाजूला एक फोन केल्याशिवाय बातमी पाठवू नकोस. आणि अटक जेवढ्या मोठ्या अक्षरात छापशील, सुटकाही तेवढ्याच अक्षरात छापायला संपादकाशी भांड. मी भांडलो नाही.

तुम्हीही पुढच्या वेळी 'सूत्रांनी सांगितले' वाचलंत की आम्हाला विचारा, कोण सूत्र? मला तर आधी विचारा.