एका निंदणानं भागत नाही

कपाशीत दुसरं निंदण चालू हाये. पंधरा दिवसांत तण पुन्हा उभं. ते पाहून मोर्णा नदी आठवली.

१३ जानेवारी २०१८ ले हजारो अकोलेकर जलकुंभी काढायले उतरले. ‘मन की बात’मध्ये कौतुक झालं. पुढे गर्दी ओसरली, जलकुंभी परत आली.

काल जठारपेठेत बहिणीकडे गेलो. नाली, रस्ता, कचरा, घरोघरी तक्रार. पण जो तो एकटाच बोंबलते. म्हटलं, ताई, आमच्या गावात ग्रामसभा हाये, सरपंचाले हिशेब मागता येते. शहरासाठीही कायद्यात क्षेत्रसभा हाये. ते मागाले नागरिक समिती पाहिजे.

कोणी म्हणते, नगरसेवक निवडला, मग समिती काहून? अरे भाऊ, सालदार ठेवला म्हणून मालक वावरात जात नाही काय?

गल्लीतून दोन माणसं घ्या. बाया अन् भाडेकरूही. महिन्याची तारीख ठरवा. वहीत तक्रार, अर्ज, उत्तर लिहा. पक्षाचा झेंडा बाहेर ठेवा.

तुमची नाली मोर्णेत जाते, अन् मोर्णा आमच्या शिवारात येते. म्हणून बोललो.