केसपेपरवरचा पत्ता आणि हृदयरोग

जानेवारी 2021 मध्ये वातावरण फाउंडेशनने खारघरमध्ये कृत्रिम फुप्फुसांची भलीमोठी जोडी उभारली होती. पांढऱ्याशुभ्र गाळण-कापडाची ती फुप्फुसे दोन आठवड्यांच्या आतच काळवंडली. पनवेल परिसराच्या हवेबद्दल त्यानंतर पुष्कळ बोलले गेले, पण अशा चर्चेत खोकला आणि दमा पुढे असतात, हृदय मागेच राहते. हृदयरोग पाहणाऱ्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी हे बदलायला हवे.

अडीच मायक्रॉनहून बारीक कण (पीएम 2.5) थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथे सुरू झालेला दाह रक्तावाटे शरीरभर पसरतो. ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, रक्तवाहिन्या आखडतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हे सारे वर्षानुवर्षांनीच घडते असे नाही. ॲनेट पीटर्स यांच्या बोस्टनमधील 2001 च्या अभ्यासात, आधीच्या दोन तासांत सूक्ष्म कण वाढले असता हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला दिसला.

म्हणून साखर, रक्तदाब, तंबाखू विचारताना रुग्ण राहतो कुठे आणि दिवसभर असतो कुठे, हेही विचारले पाहिजे. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधला हमाल, जेएनपीए बंदराच्या वाटेवरचा कंटेनरचालक, तळोजा एमआयडीसीत रात्रपाळी करणारा कामगार, चुलीवर स्वयंपाक करणारी गृहिणी... यांचा धोका लिपिड प्रोफाइलमध्ये पुरता उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमवर आणली. भारतीय मानक 40 चे आहे. अहवालात हवा ‘मर्यादेत’ असली, तरी हृदय सुरक्षित आहे असे त्यावरून ठरत नाही.

मग रुग्ण विचारतो, ‘डॉक्टर, एखादी अँटिऑक्सिडंटची गोळी देता का?’ इथे स्पष्ट नकार द्यावा. 2000 सालच्या होप चाचणीत ई जीवनसत्त्वाने हृदयविकार टळला नाही. फिजिशियन्स हेल्थ स्टडीच्या दुसऱ्या टप्प्यात, 2008 मध्ये, क आणि ई दोन्ही निष्प्रभ ठरली. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी तर धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला.

ताटाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील सुमारे साडेपाच लाख लोकांच्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, भाज्या-फळे, डाळी, कडधान्ये, मासे असा मेडिटरेनियन पद्धतीचा आहार घेणाऱ्यांत प्रदूषणाशी निगडित हृदयमृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. पण असा आहार एरवीही सुचवावा असाच आहे. त्यासाठी ऑलिव्ह तेलाची बाटली आणायला सांगण्याची गरज नाही. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-3 भरपूर असते; तळण्याऐवजी कालवण करायला सांगावे. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. शेवग्याचा पाला, आवळा, मोड आलेले मूग, पावसाळ्यात टाकळा आणि करटोली हे इथल्या लोकांना शिकवावे लागत नाही, फक्त पुन्हा ताटात आणायला सांगावे लागते.

सल्ला मात्र रुग्ण पाहून द्यावा. वॉरफरीन घेणाऱ्याने एकाएकी रोज पालेभाजी सुरू केली तर आयएनआर खाली येतो; प्रमाण रोज सारखे ठेवायला सांगावे. मूत्रपिंड अधू असलेल्याला शहाळ्याचे पाणी जपून. आणि ‘मासे खा’ एवढेच म्हटले, तर उच्च रक्तदाबाचा रुग्ण सुकट आणि खारवलेले बोंबील आनंदाने वाढवतो!

पेरूने तळोज्याचा धूर मात्र उतरत नाही. आहाराची जबाबदारी रुग्णावर टाकून कारखान्यांची आणि डिझेलची बाजू मोकळी सोडणे हा अन्याय होईल. स्थानिक वैद्यकीय संघटनांनी छातीत दुखण्याच्या रुग्णांची तारीखवार नोंद ठेवून ती हवेच्या नोंदींशी ताडून पाहावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे मांडावी. दवाखान्यात आजपासून करता येईल असेही एक काम आहे. थंडीत जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर बसल्याने धूर जमिनीलगत साचतो आणि पहाटेची हवा बहुधा सर्वांत वाईट असते. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचऐवजी ऊन वर आल्यावर, आणि महामार्गाची कडा सोडून, फिरायला सांगावे.