प्रोजेक्ट विकत घेताय? त्यापेक्षा होडी बांधा!

फायनल इयरचा प्रोजेक्ट कुठं मिळतो, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. रिपोर्ट, मॉडेल, पीपीटी, व्हायवाला विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं, सगळं पॅकेजमध्ये. पैसे टाकले की आठवड्यात हातात. ते मॉडेल मग डिपार्टमेंटच्या कपाटावर धूळ खात पडतं, आणि चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेल्या पोराला ड्रिलचा बिट बदलायला वॉचमनमामांना हाक मारावी लागते. यावर प्रवचन द्यायचं नाहीये. एक पर्याय सुचवायचाय. चौघं मिळून एक होडी बांधा. घरी, स्वतःच्या हातानं, प्लायवूडची आणि वरून फायबरग्लास चढवलेली. कॅनू म्हणतात ती, दोन्ही टोकं निमुळती, एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायची.

आता तुम्ही म्हणाल, गडमुडशिंगीत समुद्र कुठाय? बरोबर आहे. हुपरी रोडवरचं आमचं गाव, एका बाजूला विमानतळ, बाकी ऊस. पण पंचगंगा वळिवडे-चिंचवाडच्या शिवारातून जाते, ती काही परदेशात नाही. आणि पाणी आपल्याकडं येत नाही असं २०१९ आणि २०२१ नंतर कोल्हापूर-सांगलीतला माणूस तरी म्हणणार नाही. पुरात आपल्याकडं लोक गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून बाहेर पडलेत. गूळ आटवायची लोखंडी काहील, तीच होडी! जुगाड म्हणून नाद खुळा, पण विचार करा: दर दोन-चार वर्षांनी ज्या भागात पाणी दारात येतं, तिथल्या कॉलेजच्या किती पोरांना वल्हं कसं धरतात ते माहितीये? सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागतात, तिथली पोरं सोडली तर आपल्यातले बहुतेक काठावर उभं राहून व्हिडिओ काढणारे.

जमेल का, हा पुढचा प्रश्न. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा फायबरग्लासच्या बोटी बांधायचा छोटा कारखाना होता. तिथं नौदलासाठी ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली गेली. लाकडाचा गाभा आणि त्यावर आतून-बाहेरून फायबरग्लास. पद्धत तीच, फक्त आकार मोठा. बांधकामावर लक्ष ठेवायला कमांडर दिलीप दोंदे स्वतः तिथं उभे असायचे, कारण पुढं त्यात एकट्यानं बसायचं त्यांनाच होतं. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबत मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीनं अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता फिरून आले. आणि 'हे मुलींचं काम नाही' असं गटात कोणी म्हणालं, तर त्याला 'तारिणी'ची गोष्ट सांगा. तीही गोव्यातच बांधलेली, आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला फेरी मारून आल्या.

ही झाली मोठी माणसं. हौशी लोकांचं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडचं घ्या. १९६० च्या दशकात तिथल्या 'डेली मिरर' या वृत्तपत्रानं सामान्य माणसाला गॅरेजमध्ये बांधता येईल अशी छोटी शिडाची होडी काढली. आराखडा जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांचा. बकनेल हा टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारा माणूस. प्लायच्या कापलेल्या पट्ट्या तांब्याच्या तारेनं एकमेकींना शिवायच्या आणि सांध्यावर आतून-बाहेरून फायबरग्लासची पट्टी रेझिननं चिकटवायची. अशा ७० हजारांहून जास्त होड्या झाल्या. बांधणारे सगळे काही सुतार नव्हते.

शिवायची कल्पना त्यांची असं मात्र समजू नका. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्यानं फळ्या शिवून गलबतं बांधत. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून तशीच 'कौंडिण्य' गोव्यात बांधली आणि मे २०२५ मध्ये ती नौदलात दाखल झाली. सांध्यात खिळा नाही.

तर काम कसं असतं? चौदा-पंधरा फुटी होडीला ४ मिलिमीटरचे तीन मरीन प्लाय लागतात. प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघा. शिक्क्यावर विश्वास नसेल तर कोपऱ्याचा तुकडा कापून चुलीवर उकळत ठेवा. त्या मानकाची चाचणी ७२ तास उकळण्याची आहे, तुमचा तुकडा निदान दिवसभर तरी टिकला पाहिजे. थर सुटले तर दुकानदाराला नमस्कार करून दुसरीकडं जा. शीट आठ फुटी असते, म्हणून दोन शीटची टोकं रंध्यानं उतरती तासून एकावर एक चिकटवायची. जाडीच्या आठपट लांब उतार, म्हणजे ४ मिलिमीटरला ३२. हा सांधा नीट जमला की गटातल्या प्रत्येकाची छाती दोन इंच फुगते, हे मी बघितलंय.

मग भोकं, तार, आणि जमिनीवर पडलेल्या सपाट पट्ट्या अचानक होडी होतात. या क्षणाला फोटो काढायचा मोह होईल, काढा. खरं काम त्यानंतर सुरू होतं. रेझिनमध्ये बारीक भुसा कालवून सांध्यात लांबी भरायची, वाळली की तारा काढायच्या, घासायचं. बाहेरून काचेचं कापड अंथरायचं आणि त्यावर रेझिन पसरायचं. पांढरं कापड रेझिन पिऊन पारदर्शक होतं आणि खालच्या लाकडाची रेघ न् रेघ वर येते. जिथं पांढरं राहिलं तिथं हवा अडकली. तिथं खोटं बोलायला जागाच नाही. कापड पांढरं आहे, सर आले तरी पांढरंच दिसणार.

रेझिनचं जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथंच बुडतात. आपल्याकडं टाक्या आणि दरवाजे करणारे पॉलिस्टर रेझिन वापरतात. स्वस्त असतं, पण लाकडाला त्याची पकड कच्ची. होडीला इपॉक्सी घ्या. पॉलिस्टरमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त करून वेग बदलता येतो, इपॉक्सीत ते चालत नाही. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनकाट्यावर मोजायचं, 'अंदाजे' हा शब्द विसरायचा. एप्रिलच्या उन्हात मगभर रेझिन एकदम कालवलं तर ते मगातच तापून धूर सोडतं. थोडं थोडं कालवा, पसरट ताटलीत ओता. पावसाळी दमट हवेत वर चिकट थर येतो, तो धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नका. हातमोजे, चष्मा, घासताना चांगला मास्क. रुमाल बांधून भागत नाही. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्माची सोबत करते. आणि शेवटी ऊन लागू नये म्हणून रंग किंवा व्हार्निश, नाहीतर उन्हानं इपॉक्सी खराब होतं.

खर्च? चौघांत वाटला तर एका बऱ्या मोबाइलच्या किमतीपेक्षा खूप खाली. वजन पंचवीसेक किलो, दोघांत उचलते.

आता जे मला खरं बोलायचंय ते. ही होडी पुरात न्यायची नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि कित्येक जण गेले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हा सगळीकडं छापून आलं. लोकांनी वेडेपणा केला असं म्हणायला मी तयार नाही. पाणी चढत असताना समोर होडी आली तर कोण मागं थांबेल? पण किती माणसं म्हणजे जास्त, हे कळायला पुरापूर्वी होडीशी ओळख लागते.

आणि ती ओळख बांधताना होते. तुमच्या कॅनूचं पाण्यावरचं क्षेत्रफळ धरा दोन चौरस मीटर. सत्तर किलोचा एक माणूस बसला की ७० लिटर पाणी बाजूला सरलं पाहिजे, म्हणजे होडी साडेतीन सेंटिमीटर खाली. दोघं बसले, सात. बारावीचं फिजिक्स आहे हे, आर्किमिडीजवर दोन मार्कांना येतं. पण हौदासारख्या शांत पाण्यात स्वतःच्या होडीच्या कडेवर पेन्सिलनं खूण करून बघितलं, की ते डोक्यातून हाडात उतरतं. कोणीतरी उभा राहिला की काय होतं, तेही एकदा बघा, लाइफ जॅकेट घालून आणि कमरेएवढ्या पाण्यात. दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे केलेले असले तर उलटलेली होडीही तरंगते, आणि तिला धरून राहायचं, पोहत सुटायचं नाही, हे शिकायला मिळतं. ही शिकलेली चार पोरं गावात असणं आणि नसणं, यात मला मोठा फरक दिसतो. ग्रामपंचायतीची होडी आली तर 'बास, आता पुढची खेप' असं म्हणायची अक्कल आणि धमक त्यांच्यात असेल. बचाव पथकाचं काम त्यांनी करावं असं माझं म्हणणं नाही.

कॉलेजांनाही एक विचारायचंय. होडी हा मेकॅनिकलचा प्रोजेक्ट का नाही? मटेरिअल्स आहे, स्थिरतेचं गणित आहे, खर्चाचं पत्रक आहे. व्हायवा तलावाच्या काठावर घ्या. परवानगी आधी काढा, एक पट्टीचा पोहणारा सोबत ठेवा, मग परीक्षकांना होडीत बसवा. कॉपी केलेला रिपोर्ट पाण्यावर तरंगतो का, ते तिथंच कळेल! बीए-बीकॉमवाल्यांनो, तुम्हीही या. रंधा मार्कशीट मागत नाही.

सुरुवात पुठ्ठ्यापासून करा. एकास दहा प्रमाणात पट्ट्या कापा, सेलोटेपनं जोडा, बादलीत सोडा. आराखडा जमला की दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की प्लाय आणा. शनिवार-रविवारच काम केलंत तर मार्चपर्यंत होडी रंगायला लागेल. जागा मात्र आधी ठरवा. पंधरा फुटी वस्तू फ्लॅटच्या जिन्यातून उतरत नाही, त्याला मामाचा रिकामा गोठाच लागतो. आणि गोठा रिकामा कधी करणार, हे मामा दर रविवारी विचारणार.