जाहीर इशारा: ३१ मेपर्यंत घर रिकामे करा

तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तिघांना आणि त्यांच्याकडे कॉटचे पैसे भरून झोपणाऱ्या बाकीच्यांना हा शेवटचा इशारा. पोस्टाने पाठवलेली दोन पत्रे तुम्ही घेतली नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या निळ्या खुणा उमटतात. म्हणून हा कागद सोसायटीच्या फलकावर.

तुमचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ३१ मार्चला संपला. तो नोंदवलेला आहे. फोटो, अंगठे तुमचेच. कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. मावशीने बक्षीसपत्राने हे घर दिले तेव्हा हा फरक मलाही ठाऊक नव्हता. वकिलाकडे दोन हेलपाटे घातल्यावर कळला.

गेल्या रविवारी हॉलमध्ये सात गाद्या मोजल्या. करारात नावे तीन. वॉशिंग मशीनचा पाइप बाल्कनीत मोकळा सोडलाय, त्यामुळे खालच्या आजींच्या कुरडयांवर साबणाचे पाणी पडले. थकबाकी मी एक वेळ विसरेन, आजी कुरडया विसरणार नाहीत. विचारले की ठरलेले उत्तर: "काकू, डिपॉझिटमधून वळते करा ना!"

मग हिशेब ऐका. महिना २२,०००, थकलेत फेब्रुवारीपासून. मेअखेर चार महिन्यांचे ८८,००० होतात; डिपॉझिट ६०,०००. वरचे २८,००० आणि विजेचे बिल भरून ३१ मेच्या संध्याकाळी सहापर्यंत ताबा दिलात, तर विषय संपला. हे पैसे घेतले म्हणजे मुदत वाढवली, असा अर्थ कोणी काढू नये.

१ जूनला मी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४: मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला ताबा देईपर्यंत दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे महिना ४४,०००, आणि तेही १ एप्रिलपासून. समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाहीत, तर ताब्याचा आदेश थेट निघू शकतो.

सोसायटीतल्या काही हितचिंतकांनी सुचवले, नळ बंद करा, कुलूप बदला, दोन माणसे आणून सामान जिन्यात काढा. त्यांना माझे उत्तर ऐका. पाणी-वीज तोडणे याच कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि तो मी करणार नाही. मात्र नळाला पाणी येतेय म्हणून काकू नरमल्या, असे समजू नका.

कॉटवाल्यांनो, तुमचे पैसे माझ्यापर्यंत आलेले नाहीत. ज्यांना दिलेत त्यांच्याकडूनच परत मागा, आणि जूनचे तर देऊच नका.

किल्ल्या तीन दिल्या होत्या. तीन परत हव्यात, आणि बनवून घेतलेल्या डुप्लिकेटही.