मूठभर तांदूळ



मागच्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीची घंटा झाली. खिचडीचं पातेलं व्हरांड्यात आलं आणि चौथीच्या मुलांची पंगत बसली. एक मुलगी डबा घेऊन बाजूला जाऊन बसली. "अगं, इकडे ये ना," मी म्हटलं. तर ती अगदी सहज म्हणाली, "बाई, आई म्हणते ती खिचडी गरिबांची असते. आपण नाही खायची."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पंगतीत बसलेल्या एका मुलाने हातातला घास तसाच ताटात ठेवला. मान खाली घातली. नंतर त्याने खिचडी घेतली नाही. घरी त्याला दुपारचं काही मिळत नाही, हे मला माहीत होतं.

त्या वेळी मला पटकन काही बोलायला सुचलं नाही. म्हणून ते आज बोलते. या वेळी तुम्हाला एका मुलाची गोष्ट सांगायची आहे. तो मुलगा पुढे आमदार झाला, मुख्यमंत्री झाला आणि शाळेच्या पंगतीशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. त्याचं नाव कामराज.

नकाशा काढा बरं. तमिळनाडूत मदुराई शोधा. त्याच्या दक्षिणेला विरुधुनगर नावाचं व्यापारी गाव आहे. तिथे 15 जुलै 1903 रोजी हा मुलगा जन्मला. कुलदेवतेवरून घरच्यांनी त्याचं नाव कामाक्षी ठेवलं. आई लाडाने 'राजा' म्हणायची. दोन्हीचं मिळून झालं कामराज!

वडील कुमारस्वामी नारळाचे व्यापारी. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण कामराज सहा वर्षांचा असेल-नसेल, तोच वडील वारले. घरात राहिली आई शिवकामी, आजी, कामराज आणि धाकटी बहीण. आईने अंगावरचे दागिने विकले. आलेले पैसे एका व्यापाऱ्याकडे ठेवले आणि त्याच्या व्याजावर घर चालवायला सुरुवात केली. विचार करा, व्याज ते किती येणार आणि त्यात चार तोंडं कशी भागणार?

कामराज ज्या शाळेत जायचा, त्या शाळेची कथाही ऐकण्यासारखी आहे. त्याच्या समाजाच्या लोकांना त्या काळी कित्येक मंदिरांत पाऊल ठेवू देत नसत. तेव्हा या लोकांनी ठरवलं, आपली मुलं शिकली पाहिजेत. शाळेला पैसा कुठून आणायचा? घराघरातून रोज मूठभर तांदूळ बाजूला काढायचा. असा तांदूळ गोळा करून शाळेला हातभार लावला. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांच्या शिक्षणासाठी मूठ-मूठ धान्य गोळा केलं, ते आठवलं ना? अगदी तसंच. म्हणजे कामराज जी अक्षरं शिकला, ती अशी मुठीमुठीने जमवलेल्या तांदळावर शिकला.

पण शाळेत तो फार दिवस टिकला नाही. पाच-सहा इयत्ता झाल्या आणि अकरा-बारा वर्षांच्या या मुलाला मामाच्या कापडदुकानात उभं राहावं लागलं. पाटी-पुस्तक सुटलं, हातात गज आला. कापड मोजायचं, घडी घालायची, गिऱ्हाईक सांभाळायचं. त्याच्या वयाची मुलं दुकानावरून शाळेत जात असतील, तेव्हा त्याला काय वाटत असेल?

शाळा सुटली, पण डोकं काही थांबलं नाही. दुकानात येणाऱ्यांच्या तोंडून देशाच्या बातम्या कानावर पडायच्या. वर्तमानपत्र हाती लागलं की तो वाचून काढायचा. गावात सभा असली की गडी पसार! 1919 साली अमृतसरला जालियनवाला बागेत नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ही बातमी ऐकली तेव्हा कामराज सोळाचाही नव्हता. त्याने मनाशी ठरवलं, आता देशाचं काम करायचं.

घरचे घाबरले. पोरगं हातचं जाईल म्हणून त्याला तिरुवनंतपुरमला दुसऱ्या मामाच्या लाकडाच्या वखारीत पाठवलं. पण झालं उलटंच! 1924 साली तिकडे वैकोम इथे सत्याग्रह सुरू झाला. तिथल्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालायलाही 'खालच्या' मानलेल्या जातींना बंदी होती. ती मोडण्यासाठी लोक बसले होते. कामराज त्यांच्यात जाऊन मिळाले.

(पाहिलंत, आता मी 'कामराज आले, गेले' म्हणायला लागले. माणूस कामाने मोठा झाला की भाषाच बदलते!)

1930 साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. तमिळ मुलखात वेदारण्यम् इथे तसाच सत्याग्रह झाला. त्यात कामराज पकडले गेले आणि थेट कलकत्त्याच्या अलीपूर तुरुंगात त्यांची रवानगी झाली. त्यानंतरही तुरुंगाच्या वाऱ्या चालूच राहिल्या. सगळी मिळून सुमारे 9 वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. शाळेने अर्ध्यावर सोडलेला अभ्यास तिथे पुस्तकं वाचून पुरा केला.

1937 साली ते मद्रास विधानसभेवर निवडून आले. सात्तूर मतदारसंघातून, तेही बिनविरोध. दुकानात कापड मोजणारा मुलगा आमदार झाला. आमदार म्हणजे काय, ते माहीत आहे ना? आपल्या भागातल्या लोकांनी निवडून विधानसभेत पाठवलेला माणूस. तिथे राज्याचे कायदे होतात आणि राज्याचा पैसा कशावर खर्च करायचा, हेही तिथेच मंजूर होतं.

1941 साली तर गंमतच झाली. कामराज तुरुंगात आणि इकडे विरुधुनगरच्या नगरपालिकेने त्यांनाच अध्यक्ष निवडलं! सुटून आल्यावर त्यांनी काय केलं असेल? खुर्चीत बसले? छे! राजीनामा दिला. देशाच्या कामामुळे या पदाला आपण पूर्ण न्याय देऊ शकणार नाही, मग ते अडवून का ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. वर्गात मॉनिटर होण्यासाठी भांडणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

देश स्वतंत्र झाला. 13 एप्रिल 1954 रोजी कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. (या राज्याचं नाव पुढे 1969 साली तमिळनाडू झालं.) तेव्हा ते खासदार होते, राज्यातले आमदार नव्हते. मुख्यमंत्र्याला सहा महिन्यांच्या आत राज्याच्या विधिमंडळाचं सदस्य व्हावं लागतं. लोकांसमोर न जाता विधान परिषदेत जाऊन बसण्याचा सोपा रस्ता होता. पण कामराज गुडियात्तम इथून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले.

आणखी एक गोष्ट. नेतेपदासाठी सी. सुब्रमण्यम् त्यांच्याविरुद्ध उभे होते. ते हरले. कामराजांनी त्यांनाच मंत्रिमंडळात घेतलं आणि शिक्षणाचं व पैशाचं खातं दिलं. मंत्रिमंडळ तरी केवढं? अवघं 8 जणांचं.

आता आपल्या खिचडीकडे येऊ.

कामराजांच्या आधी राज्यात शिक्षणाची एक नवी योजना आली होती. शाळा थोड्या आणि मुलं फार, म्हणून मुलांनी अर्धा दिवस शाळेत यावं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना. वरवर बरी वाटते ना? पण नीट बघा. चांभाराच्या मुलाने चामडंच शिवायचं आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तराच धरायचा, असा त्याचा अर्थ होत होता. लोक फार चिडले. कामराजांनी मुख्यमंत्री होताच ती योजना रद्द केली आणि गावोगाव नव्या शाळा उघडायला घेतल्या.

शाळा तर उघडल्या, पण मुलं कुठे होती?

तमिळनाडूत एक गोष्ट आजही सांगतात. कामराज गाडीतून दौऱ्यावर निघाले होते. वाटेत एक पोरगा गुरं राखताना दिसला. त्यांनी गाडी थांबवून विचारलं, शाळेत का जात नाहीस? पोराने उलट विचारलं, शाळेत गेलो तर जेवायला कोण देणार? मुख्यमंत्री गप्पच झाले. हा पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या वयाचे असताना ते स्वतःही शाळा सोडून दुकानात उभे राहिले होते.

शाळेत दुपारचं जेवण द्यायचं, ही कल्पना अगदी नवी नव्हती. मद्रास शहरातल्या एका शाळेत 1920 च्या सुमारास ती करून पाहिली होती, पण पुढे ती बंद पडली. आता प्रश्न साऱ्या राज्याचा होता. एवढा पैसा कुठून येणार, अशी शंका निघालीच. कामराजांनी हे काम सोडलं नाही. गावकऱ्यांना हाक घातली. कुणी तांदूळ दिला, कुणी भाजी, कुणी जळण. पुढे सरकारने खर्चाचा वाटा उचलला. 1956 साली एट्टयपुरम इथे, कवी सुब्रमण्य भारती यांच्या जन्मगावी, या योजनेला सुरुवात झाली आणि बघता बघता ती राज्यभर पसरली. मुलं शाळेत येऊ लागली. मुख्य म्हणजे, दुपारनंतरही शाळेत थांबू लागली!

मूठभर तांदळाच्या शाळेत शिकलेल्या मुलाने लाखो मुलांच्या ताटात मूठभर भात वाढला. कर्ज फेडलं म्हणा ना.

कामराज 1963 पर्यंत मुख्यमंत्री होते. पक्षाचं काम करायचं म्हणून ते पद त्यांनी स्वतः होऊन सोडलं. पुढे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि देशाचा पंतप्रधान ठरवताना त्यांचा शब्द मोलाचा ठरला. पण त्यांना हारही पाहावी लागली. 1967 साली त्यांच्या स्वतःच्या विरुधुनगरमध्ये एका तरुण विद्यार्थी नेत्याने त्यांना हरवलं. लोकशाहीत हे असंच असतं. लोक डोक्यावर घेतात आणि खालीही उतरवतात.

त्यांच्या आईच्या घरी पालिकेने परस्पर पाण्याचा नळ जोडून दिला होता आणि कामराजांनी तो काढायला लावला, असं सांगतात. शेजारणी सार्वजनिक नळावर जातात, तिथेच आईनेही जावं, असं त्यांचं मत. त्यांनी लग्न केलं नाही आणि मागे मालमत्ताही ठेवली नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, ते वारले. 1976 साली त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' मिळालं. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, तमिळनाडूतल्या शाळांत शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो.

तमिळनाडूतल्या जेवणाची योजना 1982 साली तिथल्या सरकारने आणखी मोठी केली. 15 ऑगस्ट 1995 पासून केंद्र सरकारची योजना देशभर सुरू झाली. आपल्याकडे पहिल्यांदा मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळायचा. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि मग शाळाशाळांत खिचडीची पातेली चढली.

आता सांगा, ही खिचडी गरिबांची का? अजिबात नाही. पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या प्रत्येक मुलाची ती आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे. तुमच्या आईबाबांनी काडेपेटीपासून कपड्यांपर्यंत जे काही विकत घेतलं, त्यावर कर भरला. ती आपल्या सगळ्यांची मूठ! त्याच मुठींची ही खिचडी.

आणि पालकांनो, दोन शब्द तुमच्याशी. तांदळात खडे असतील, वरण पाणचट असेल, तर जरूर शाळेत येऊन सांगा. चव घेऊन बघा. तो तुमचा अधिकार आहे, आम्हालाही त्याची मदतच होते. मुलाला डबा द्यायचा असेल तर तोही द्या. पण 'ती त्यांची, आपली नव्हे' हे वाक्य तेवढं डब्यात घालू नका. डबा दुपारी रिकामा होतो. ते वाक्य दुसऱ्याच्या मुलाच्या घशात अडकून राहतं.

मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचं काम सोपं आहे. डबा आणलात तरी पंगतीतच बसा. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना एकदा विचारा, आपल्या शाळेत रोज किती किलो तांदूळ लागतो आणि त्या सकाळी किती वाजता चूल पेटवतात. आजी-आजोबांनाही विचारा, त्यांची शाळा कितव्या इयत्तेत सुटली आणि का. मिळालेली उत्तरं वहीत लिहून मला पाठवा.

त्या मुलाच्या शेजारी उद्या मीही ताट घेऊन बसणार आहे. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई