अडलेला बोल्ट

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्रेकचं काम घरी करायला हरकत नाही, पण अडलेल्या बोल्टसमोर ज्याला थांबता येत नाही त्यानं त्या वाटेला जाऊ नये. हे मत मी हाताची सालं काढून घेऊन मिळवलंय.

दिवाळीच्या सुट्टीत शनवाऱ्याला घरी गेलो तर आमच्या जुन्या गाडीचा ब्रेक दाबला की चीं आवाज यायचा. पुढचे पॅड संपले होते. चार दिवसांनी आत्याला घेऊन असीरगडाकडून खंडव्याला जायचं, म्हणजे घाट उतरायचा. पप्पा म्हणाले, "गॅरेजला टाकू." मी म्हटलं, "पप्पा, व्हिडिओत दहा मिनिटांत होतं."

व्हिडिओतली गाडी गंजलेली नसते, हे कुणी सांगत नाही.

चाक काढलं. कॅलिपरचा खालचा बोल्ट निघाला, वरचा हलेना. पान्याला पाइप अडकवला आणि सगळं वजन टाकलं. पाना सटकला, बोटं सोलली, बोल्टचे कोपरे गोल झाले. शेजारच्या गॅरेजचे चाचा बघत होते. म्हणाले, "बेटा, खोल रहा है या कस रहा है?"

खरंच मी आवळत होतो! बोल्टचं डोकं गाडीच्या आतल्या बाजूला आणि मी बाहेर, चाकाच्या बाजूनं बघत होतो. बाहेरून बघितलं की उलट-सुलट बदलतं. खालचा निघाला तो पाना चुकून बरोबर फिरला म्हणून. आपण डोक्याच्या समोर उभे आहोत असं मनात धरून मग दिशा ठरवायची, एवढं साधं.

बोल्ट जाम का होतो तेही तेव्हाच नीट कळलं. आट्यांत पाणी शिरतं, गंज चढतो आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणजे तिथे पाचर बसलेली असते. पाचर नुसत्या जोरानं निघत नाही. चाचांनी गंज सोडवायचं तेल आट्यांच्या तोंडाशी सोडलं, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले आणि सांगितलं, "अब सुबह तक हाथ मत लगाना." तेल डिस्कवर उडू नये म्हणून फडकं धरलं होतं, पॅडला तेल लागलं तर ब्रेक लागायचाच नाही. मी गॅसच्या बत्तीनं तापवू का विचारलं तर ओरडले. शेजारीच ब्रेक ऑइलची रबरी नळी असते.

सकाळी बारा कोपऱ्यांचा नाही, सहा कोपऱ्यांचा गोटी पाना ठोकून बसवला. आधी केसभर आवळला, मग सोडला. 'कट्' असा आवाज आला. त्या आवाजासाठी रात्रभर थांबणं मला परवडलं असतं, पाइप लावणं परवडलं नाही. नवा बोल्ट घ्यावा लागला.

आणखी एक, यात मतभेद चालणार नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. वीट फुटताना आधी कळत नाही. पाइप लावून हिसके देणारा माणूस त्याच गाडीला हलवत असतो.

आपल्या मंडळात श्रमाच्या कवितांना टाळ्या भरपूर पडतात. पण 'आटे', 'गोटी पाना' हे शब्द किती जणांच्या तोंडी आहेत? माझ्याही नव्हते. माझा मित्र म्हणतो, "मिस्त्रीचं काम मिस्त्रीला करू दे." मला ते अर्धंच पटतं. मिस्त्रीला कधी बोलवायचं हे कळायलाही बोल्टला एकदा हात लावावा लागतो. मी चाचांना पाइप लावायच्या आधी हाक मारायला हवी होती, एवढंच.

पॅड बसल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबून घेतलं. पहिल्यांदा ते थेट खाली जातं, पोटात गोळा येतो. चाचांनी पैसे घेतले नाहीत. नुसतं दुसऱ्या चाकाकडे बोट दाखवलं. पॅड दोन्ही बाजूंचे बदलायचे असतात.




तिथला वरचा बोल्ट बघून मी आधी तेलाची बाटली उचलली.