रडतो तो भोळाच?

संभाजीराजांवरील ‘छावा’ चित्रपट पाहून रडणारा नांदेड-लातूरचा प्रेक्षक भोळा, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत एकांगी आहे.

१४ फेब्रुवारी २०२५ ला चित्रपट लागण्याआधीच संभाजीराजे लेझीम खेळतात त्या दृश्यावर हरकत आली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते काढले. पुढे गणोजी शिर्क्यांच्या फितूर म्हणून केलेल्या चित्रणावरून शिर्के घराण्याचे वंशज संतापले. उतेकरांना माफी मागावी लागली. भोळी माणसे एवढी चिकित्सा करतात होय? भाबडेपणा दिसला तो बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडला. तिथे चित्रपट पाहून मोगली सोन्यासाठी लोकांनी रात्री शेते खणली!

राहिला मराठवाडा. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते उदगीर लातूर जिल्ह्यातलेच. कंधार-औशाचे भुईकोट पाहत वाढलेला माणूस संभाजीराजांचा शेवट बघून रडला, तर तो इतिहास पडद्यावरच शिकला हे कशावरून?

– एक वाचक, लातूर